यांच्या नावाची सही

रविवार, १० जानेवारी १९८८

उपासना सुटल्यावर परस्पर बदलापूरला गेलो, आमची खोली बघायला. खोली म्हणजे अजून नुसत्या विटा. प्लास्टर नाही, जिन्याला कठडा नाही. लेकीला, एस्तेरला, मधे धरून दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोंगर दिसतो. मी एस्तेरला म्हटलं, "इथे ओटा, इथे माझी मशीन, आणि हा कोपरा तुझ्या अभ्यासाचा." ती म्हणाली, "आणि संडास घरातच?" "घरातच," मी म्हटलं, आणि दोघी उगाच हसत सुटलो.

नगरहून लग्न होऊन आले तेव्हा हे म्हणाले होते, दोन वर्षांत स्वतःचं घर करू. त्याला सोळा वर्षं झाली. अजून अंबरनाथ पश्चिमेला चाळीत एका खोलीत आहोत. आता मात्र होतंय. यांची कंपनी बँकेला कर्जासाठी हमीपत्र देणार आहे. त्यावर बँकेचं पत्र मार्च संपायच्या आत बिल्डरकडे पोचलं की खोली आमची.

हे खिडकीशी गप्प उभे होते. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "सुहास, मिळाली तर देवाचं देणं म्हणू. नाही मिळाली तरी देव कुठे जात नाही." आनंदावर असं पाणी टाकायची यांना सवयच आहे. केमिकल कंपनीत ऑपरेटर आहेत, पण बोलणं पाळकसाहेबांचं. मंडळीत सगळे सुदाममास्तर म्हणतात, मुलांना रविवारी शिकवतात म्हणून.

गुरुवार, १४ जानेवारी

यांच्या कपड्यांना पुन्हा तो वास. कुजलेल्या लसणासारखा. भिजत घातले तर पाणी पिवळं झालं. डोळेही लाल.

"तीन नंबरच्या रिअॅक्टरचा व्हॉल्व्ह धरत नाही," हे म्हणाले. रिअॅक्टर म्हणजे आमच्या खोलीएवढं बंद भांडं, त्यात माल शिजतो. व्हॉल्व्ह धरला नाही तर आतला वायू बाहेर येतो. बदलल्याशिवाय चालवू नये, असं यांनी पाळीच्या रजिस्टरात दोनदा लिहिलंय. साहेब म्हणतात मार्चनंतर बघू.

"लिहिलंत ना? झालं तर मग. आता तिसऱ्यांदा लिहू नका," मी म्हटलं.

हमीपत्रावर त्याच ऑफिसातून सही व्हायची आहे, हे यांना कसं सुचत नाही?

शनिवार, ६ फेब्रुवारी

काल बबन वाघमारे गेला.

हे पहिली पाळी करून घरी आले होते, चहा घेत होते. चारच्या सुमारास कंपनीचा भोंगा झाला. नेहमीचा लांब नव्हे, तुटक तुटक. यांनी कप तसाच ठेवला आणि अनवाणी धावत गेले. मग तो वास आला, चाळीपर्यंत. बायकांनी पोरांना आत घेतलं, ओल्या फडक्यांनी दाराच्या फटी बुजवल्या. एस्तेर शाळेतून आली नव्हती. ती दिसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

हे अंधार पडल्यावर आले. बबन दुसऱ्या पाळीला यांच्याच जागी असतो. आणखी दोघं दवाखान्यात आहेत. "मी त्याला सांगितलं होतं, तीन नंबर चालवू नको. नाही चालवत दादा, म्हणाला. नंतर साहेबांनी सांगितलं असणार, ऑर्डर अडकलीय म्हणून." एवढंच बोलले आणि मोरीत जाऊन हात धूत बसले. किती वेळ धूत होते.

मी मनात प्रभूचे आभार मानले की यांची पाळी नव्हती. खरं ते लिहिते. बबनच्या बायकोचा विचार मला नंतर सुचला.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

चांगुणाला भेटून आलो. बबनची बायको. घरात बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती होती. ती रडत नव्हती. यांना बघून उठून बसली.

"दादा, खरं सांगा. ह्यांच्या हातून चूक झाली का? कंपनीतले लोक तसं बोलतायत."

"नाही ताई. व्हॉल्व्ह खराब होता. मी माझ्या हाताने लिहून ठेवलंय."

हे एवढ्या मोठ्याने बोलले की दारात उभा असलेला कंपनीचा माणूस वळून बघायला लागला. मी यांचा शर्ट मागून ओढला. रस्त्यात म्हटलं, "हळू बोलता येत नव्हतं का?" हे म्हणाले, "तिने मोठ्याने विचारलं होतं."

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

आज कंपनीतून नाडकर्णी साहेब आले, गुरुदत्त नाडकर्णी, कामगारांचं सगळं तेच बघतात. एवढा मोठा माणूस आमच्या चाळीत! सफरचंदं आणली. खुर्ची एकच, ती त्यांना दिली. मला "वहिनी, वहिनी" करत होते.

म्हणाले, त्या दिवशी पाण्याचे फवारे मारले त्यात रजिस्टर भिजून गेलं. इन्स्पेक्टर येणार, तेव्हा कागद नीट हवेत. म्हणून यांच्या पाळीचा एक जबाब टाईप करून आणलाय, सही पाहिजे. कागद इंग्रजीत. यांनी बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली आणि परत दिला.

"हे असं झालं नव्हतं, साहेब."

"साळवे, फॉर्मॅलिटी आहे. तुमचं हमीपत्र टेबलावर तयार आहे. शिफ्ट इनचार्ज म्हणून तुमचंच नाव पुढे केलंय मी."

"असं झालं नव्हतं."

साहेब रागावले नाहीत. उलट एस्तेरशी बोलत बसले. तिचं प्रगतिपुस्तक बघितलं, गणिताचं कौतुक केलं. म्हणाले, "बाबांची सही झोकदार आहे." एस्तेर हसली, "पप्पांना कुठे वेळ असतो काका, त्यांची सही आईच करते. ओळखूसुद्धा येत नाही." साहेबही खूप हसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "वाह वहिनी, हातात कला आहे." मला लाजल्यासारखं झालं, पण बरंही वाटलं. माझ्या कुठल्या गोष्टीला कोण कला म्हणतं?

सोमवार, २२ फेब्रुवारी

यांना कामावर येऊ नका म्हणून सांगितलंय. चौकशी संपेपर्यंत. पगार नाही.

मी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जाऊन शिवणकाम घेऊन आले. जीनच्या पँटींचे खिसे. ठाकुरदास सेठ मला "अदी" म्हणतो, त्यांच्या सिंधीत बहिणीला म्हणतात तसं. पण जाड कापडाने बोटं सोलतात. गठ्ठा घेऊन शेअर रिक्षात बसले तर शेजारची बाई सरकून बसली, कपड्यांचा निळा रंग लागेल म्हणून.

हे प्रार्थना करतात. सकाळ-संध्याकाळ. मला तो आवाज सहन होत नाही.

रविवार, ६ मार्च

पाळकसाहेबांनी रानातल्या लोकांवर संदेश दिला. देव रोज सकाळी त्यांना त्या दिवसापुरतं अन्न द्यायचा. ज्यांनी उद्यासाठी लपवून ठेवलं त्यांच्या अन्नात किडे पडले. हे मान हलवत होते. मी मनात म्हणत होते, त्या लोकांना बिल्डरला कागद द्यायचा नव्हता, मुलीची दहावी काढायची नव्हती.

घरी आल्यावर बोलून दाखवलं. "मेलेला माणूस तुमच्या सहीने परत येणार आहे का?"

"नाही."

"मग? देवाने समोर आणून ठेवलेलं घर लाथाडताय. हा गर्व आहे, श्रद्धा नव्हे."

यांनी हातातलं बायबल खाली ठेवलं. मग म्हणाले, "सुहास, मलाही भीती वाटते. मला वाटत नाही असं समजू नकोस. पण त्या कागदावर उभं राहिलेल्या घरात माझ्याने राहवणार नाही."

सोमवार, १४ मार्च

बिल्डरच्या माणसाने विचारलं, पत्र येणार आहे ना, रांगेत दुसरे लोक आहेत.

आज उपास केला आणि देवाकडे खूण मागितली. म्हटलं, प्रभू, रविवारच्या आत नाडकर्णी साहेब आपणहून आमच्या दारात आले तर मी समजेन की तूच पाठवलंस. नाही आले तर मी पुन्हा खोलीचं नाव काढणार नाही. अशी खूण पूर्वी लोकांनी मागितली आहे, आणि देवाने दिली आहे.

गुरुवार, १७ मार्च

आले!

हे कल्याणला काम शोधायला गेले होते, एस्तेर शाळेत. मी एकटीच खिसे शिवत होते. दारात साहेब. देव इतक्या लवकर ऐकतो?

बसलेसुद्धा नाहीत. "साळवे नाहीत का? अरे. मला वाटलंच नव्हतं." मग कागद मशीनवर ठेवला. "वहिनी, माणूस देवभोळा आहे, त्याला दुनियादारी कळत नाही. तुम्हाला कळते. मला फक्त सही झालेला कागद पाहिजे. कोणी कधी केली, मी काही समोर नव्हतो. मी खाली पान खाऊन येतो."

सगळं आवरून ठेवल्यासारखं झालं होतं. घरात कोणी नाही, पेन समोर. मी डोळे मिटून म्हटलं, प्रभू, तुझी इच्छा. आणि सही केली. कधी नव्हे इतकी चांगली आली.

कागदात बबनचं नाव दिसलं. "व्हॉल्व्ह" कळला. एक शब्द प्रगतिपुस्तकात असतो तो, सॅटिसफॅक्टरी. चांगला शब्द आहे. बाकीचं वाचलं नाही. अडखळत का होईना, वाचायचं ठरवलं असतं तर वाचता आलं असतं, हेही लिहिते.

साहेब वर आले, कागद बघितला, घडी केली. हसले नाहीत या वेळी. "ह्याबद्दल साळवेंशी बोलू नका," म्हणाले.

सोमवार, २१ मार्च

कामावर बोलावलं! पत्र घरी आलं. यांनी ते दोनदा वाचलं, मग खालीच बसले. "त्यांनी माझं ऐकलं, सुहास. खोट्यावर सही केली नाही तरी परत घेतलं." यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी म्हटलं, "देवाची करणी." खोटं कुठे बोलले?

रविवार, ३ एप्रिल. पुनरुत्थानाचा दिवस

आज मंडळीत यांनी उभं राहून साक्ष दिली. नवा शर्ट, पायांत पॉलिश केलेले बूट. म्हणाले, "मला सांगितलं गेलं, खोटं लिही, घर मिळेल. मी नाही म्हणालो. घरात धान्य संपत आलं होतं. माझी बायको रात्रंदिवस शिवत होती. पण देवाने मला एक अक्षर खोटं लिहायला न लावता काम परत दिलं, हमीपत्रही दिलं." सगळे "आमेन" म्हणाले. पुढच्या बाकावरची कमळाबाई वळून माझा हात दाबत होती. माझी बोटं इतकी गार होती की ती म्हणाली, "बाई, तुला बरं नाही का?"

प्रभुभोजनाला मी उठले नाही. यांना सांगितलं, पोटात दुखतंय.

शुक्रवार, ८ एप्रिल

खोलीला प्लास्टर झालं. मी बघायला गेले नाही. काम आहे म्हटलं.

तीन नंबरचा रिअॅक्टर आतून धुऊन पुन्हा चालू करणार आहेत. मी विचारलं, व्हॉल्व्ह बदलला ना? हे म्हणाले, "मला त्या खात्यात आता जाऊच देत नाहीत. दुसऱ्या टोकाला टाकलंय." आणि मग म्हणाले, "आपण फार प्रश्न विचारू नयेत, नाही का? देवाने दिलंय." हे यांच्या तोंडून! मी सारखी तेच म्हणत आले, आणि यांनी म्हटलं तर अंगावर काटा आला.

मंगळवार, १९ एप्रिल

चांगुणा आली. संध्याकाळी, हे जेवायला बसतच होते. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"या ताई, आत या," हे म्हणाले.

"नाही येत. तुम्ही माझ्या घरात बसून सांगितलं होतं, ह्यांची चूक नाही. मग कंपनीला असं कसं लिहून दिलं? ह्यांच्या जागी मला नोकरी नाही म्हणतात. म्हणतात चूक तुझ्या माणसाची, साळवेने लिहून दिलंय. माझ्या भावाने कागद वाचला. तुम्ही व्हॉल्व्ह तपासला, चांगला होता, आणि ह्यांनी चुकीचा उघडला. खाली तुमची सही."

"माझी? माझी सही नाही ताई. मी केलीच नाही."

"मी बघितली, दादा. माझ्या डोळ्यांनी."

हे तिच्याकडे बघत राहिले. मग हळूच त्यांची मान वळली. एस्तेरकडे नाही. भिंतीकडे नाही. माझ्याकडे. मी हातातली वाटी खाली ठेवली.

चांगुणालाही कळलं. ती म्हणाली, "बाई, तुमचा माणूस तर जिवंत आहे," आणि निघून गेली.

बुधवार, २० एप्रिल

हे एवढंच बोलले. "आता व्हॉल्व्ह चांगला ठरला तर दोष बबनचा. खराब ठरला तर दोष माझा, मी तपासला म्हणून. साहेब कुठेच नाहीत." आणि थोड्या वेळाने, "मी त्या दिवशी देवाच्या घरात उभा राहिलो, सुहास. पॉलिश करून."

मी मागितलेली खूण देवाने दिली, असं मला वाटलं होतं. साहेब का आले, ते आज कळतंय. त्यांनी यांना कल्याणला जाताना स्टेशनात बघितलं असणार. एस्तेरने सहीचं सांगितलं त्याच दिवशी त्यांचं ठरलं असणार. मला देवाचा आवाज हवा होता, म्हणून दारात जो आला त्याचा आवाज मी देवाचा मानला.

रविवार, २४ एप्रिल

हे उभे राहिले. "पुनरुत्थानाच्या दिवशी मी दिलेली साक्ष खरी नव्हती. ती मी परत घेतो. का, ते विचारू नका." आणि बसले. कुजबुज सुरू झाली. लोक यांनाच खोटे समजत होते. पाळकसाहेबसुद्धा यांच्याकडे कसल्या नजरेने बघत होते. हे मान खाली घालून ते सगळं घेत होते, माझ्या वाटचं.

मग मी उठले. डोक्यावरचा पदर सारखा घसरत होता. सांगितलं सगळं. किती मोठ्याने बोलले कळलं नाही. संपल्यावर कोणी "आमेन" म्हणालं नाही.

मंगळवार, २६ एप्रिल

फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या कचेरीत जाऊन जबाब दिला. सही माझी आहे, यांची नाही, आणि कागद नाडकर्णी साहेबांनी आणून दिला. यांनीही रजिस्टरात काय लिहिलं होतं ते तारखांसकट सांगितलं. तिथल्या साहेबांनी विचारलं, "बाई, हा गुन्हा आहे, माहीत आहे ना?" मी हो म्हटलं.

चांगुणा भावाला घेऊन आली होती. बाकावर दुसऱ्या टोकाला बसली. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. तेच बरं झालं.

बुधवार, १५ जून

इतके दिवस लिहिलं नाही. यांना काढून टाकलं. हमीपत्र मागे घेतलं. बदलापूरची खोली दुसऱ्या कोणाला गेली, त्यांनी खिडकीला हिरवा रंग लावलाय म्हणे.

नाडकर्णी साहेबांनी लिहून दिलंय की ते आमच्या घरी फक्त एकदा आले, सांत्वनाला. साळवे नवरा-बायकोने मिळून घरासाठी कंपनीला फसवलं. पोलिसांत तक्रार केली आहे, माझ्या नावाने. चाळीत एक बाई आहे, बनूबाई, तिने साहेबांना त्या दुपारी जिन्यात बघितलं होतं. पण तिचा मुलगा त्याच कंपनीत आहे. मी तिला विचारलं नाही. विचारायला तोंड कुठे आहे? मीही तिच्या जागी असताना काय केलं?

एक बरं झालं. चांगुणाचं नोकरीचं प्रकरण पुन्हा उघडलं.

हे कॅम्प तीनमध्ये पँटींचे गठ्ठे उचलतात. रोजची मजुरी रोज. त्या दिवसाचं त्या दिवशी येतं आणि संपतं. अजून एकदाही उपाशी झोपलो नाही, हे मला विचित्र वाटतं. हे घरात कामापुरतं बोलतात. मीठ दे. एस्तेर आली का. एवढंच.

रविवार, ३ जुलै

उद्या कोर्टात पहिली तारीख. वकील म्हणाले, जामीन मिळेल. आणि मग म्हणाले, बहुतेक. एक पिशवी भरून ठेवली आहे, साडी, टॉवेल, गोळ्या.

तीन नंबर कालपासून चालू झालाय. वारा इकडे वळला की कळतं. व्हॉल्व्ह बदलला की नाही, कोणी सांगत नाही. हे संध्याकाळी उठून खिडक्या लावून आले आणि बाहेरची पोरं आत घ्या म्हणून चाळभर सांगून आले. काहीजण हसले. बनूबाई हसली नाही. तिचा मुलगा दुसऱ्या पाळीला गेला होता.

मग आम्ही तिघं आत बसलो. एस्तेर उद्याचं दप्तर भरत होती. तिच्यासमोर बोलायचं नव्हतं, पण राहवलं नाही.

"उद्या मला तिथेच ठेवून घेतलं तर?"

मला वाटलं, हे आताही बोलणार नाहीत.

"तर एस्तेरची वेणी मी घालीन," हे म्हणाले.

एस्तेरने मान वर केली. "तुम्हाला येते पप्पा?"

"नाही. शिकव."

ती त्यांच्यासमोर पाठ करून बसली आणि केसांचे तीन पेड करून त्यांच्या हातात दिले. एवढा मोठा माणूस, गठ्ठे उचलून सोललेले हात. डावा पेड वरून घ्यायचा हे त्यांच्या लक्षातच येईना, सारखा उजवा सुटत होता. "घट्ट, पप्पा, घट्ट," ती म्हणत होती.

मी उठून दाखवायला गेले नाही. बसून बघत राहिले. तिसऱ्या वेळी थोडी जमली.